सहावीतल्या लेकरानं चित्र काढणं सोडलं, तेव्हा

“आधी शाळेतून आला की वही घेऊन बसायचा. आता कागद समोर ठेवला की उठून जायलाय. लेकराची कला गेली का हो?”

आमच्याकडं मुलाच्या चित्रकलेबद्दल विचारायला परभणीहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा सहावीत, वय ११. धाकटी मुलगी सीनियर केजीत. शिक्षणासाठी घरी राहिलेला भाचा नववीत. ओळख पटू नये म्हणून घराचे तपशील बदलले आहेत, पण ही काळजी घेऊन जालन्याचे, हिंगोलीचे, लातूरचे पालकही येतात. बहुतेकांचं मूल १० ते १२ वर्षांचं असतं.

आईनं मुलाच्या दोन वह्या सोबत आणल्या होत्या. दुसरीतली वही भरगच्च. बैलगाडीत बसलेल्यांचे पायसुद्धा फळीतून आरपार दिसतात, आजीचा हात तिच्या डोक्याएवढा, खाली जमिनीची एक रेघ आणि वर आभाळाची पट्टी. पाचवीच्या वहीत चारच पानं वापरलेली. एका पानावर तांब्या होता. त्याचं तोंड कंपासनं काढावं तसं पूर्ण गोल, बूड मात्र पट्टीनं आखल्यासारखं सरळ. ते बूड इतक्यांदा खोडलं होतं की कागदाला भोक पडायचं बाकी होतं. मुलाची अडचण त्या खोडलेल्या जागी स्पष्ट दिसत होती.

सात-आठ वर्षांपर्यंत मूल जे माहीत आहे ते काढतं. गाडीतल्या माणसांना पाय असतात हे माहीत आहे, म्हणून पाय दिसतात. आजी भाकरी थापते, म्हणून तिचा हात मोठा. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानं १९४७ मध्ये बालचित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण ९ ते १२ हा वास्तवाची जाण येण्याचा टप्पा आहे. या वयात मूल आपलं चित्र समोरच्या वस्तूशी ताडून बघायला लागतं आणि ते जुळत नाही हे त्याचं त्यालाच कळतं. नजर पुढं गेलेली असते, हात मागं राहिलेला असतो. हा वाढीचा भाग आहे, कला कुठं जात नाही. पण नेमकं याच वयात त्याला काही शिकवलं जात नाही. गणित अडलं की शिकवणी लावतो, चित्र अडलं की “त्याच्या अंगात नाही” म्हणून मोकळे होतो. हे मूल ज्या तांब्यापाशी अडलं होतं, तो तांब्या अर्ध्या तासात शिकवता येतो.

या घरात आणखी दोन गोष्टी घडत होत्या. शाळेत चित्रकलेचा तास बहुधा गणिताला जायचा. आणि सुट्टीत लावलेल्या क्लासमध्ये शेवटचा हात सर स्वतः मारायचे. भिंतीवरची फ्रेम बघून पाहुणे वाहवा करायचे, पण त्या चित्रात आपलं किती आणि सरांचं किती हे पोराला पक्कं ठाऊक होतं. मोबाइलवर बघून टप्प्याटप्प्यानं काढलेल्या सूर्यास्ताचंही तेच होतं. नक्कल उत्तम उतरते, पण दारातली सायकल काढायला घेतली की काहीच येत नाही, आणि मग मूल स्वतःला आणखी कमी समजायला लागतं.

आईला आठ आठवड्यांचा एक क्रम दिला. आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. सामानात २बी आणि ४बी (साध्यापेक्षा मऊ आणि गडद) अशा दोन पेन्सिली, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी आणि टेकवायला एक पॅड. पहिले दोन आठवडे खोडरबर घरात दिसायला नको. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची. चुकीची रेघ समोर असली की बरोबर रेघ कुठं हवी ते दिसतं. ती खोडली की पुढची रेघ पुन्हा तिथंच पडते.

पहिल्या दिवशी चित्र काढायचंच नाही. काचेचा ग्लास अर्धा पाण्यानं भरायचा आणि डोळ्यांच्या बरोबर समोर धरायचा. तोंडाची कड एका आडव्या रेघेसारखी दिसते. मग ग्लास हळूहळू खाली न्यायचा. ती रेघ उघडत जाते आणि लंबगोल होतो. आता तीन लंबगोल बघायचे: तोंडाचा, पाण्याचा आणि बुडाचा. नजरेपासून जो जास्त खाली तो जास्त उघडा. म्हणजे बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा अधिक फुगीर. पोरं नेमकी याच्या उलट काढतात, कारण तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं आणि बूड टेबलावर सपाट बसलंय हेही माहीत असतं. आपल्या खोडलेल्या तांब्याचं कोडं या मुलाला ग्लास खाली आणतानाच सुटलं. “म्हणजे खालची रेघ वाकडी पाहिजे होती!” हे त्यानं आईला सांगितलं, आईनं त्याला सांगितलं नव्हतं.

लंबगोल काढताना दोन्ही टोकांना कोपरे येतात, डोळ्याच्या आकारासारखे. त्यावर उपाय असा, की कागदाला पेन्सिल टेकवण्याआधी हवेत चार-पाच वेळा तोच फेरा फिरवायचा आणि हात न थांबवता कागदावर उतरायचं. मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवला की टोकं आपोआप गोल होतात.

तिसऱ्या आठवड्यापासून मापं. हात सरळ ताणायचा, कोपर ताठ, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या तोंडाशी, अंगठा बुडाशी. मग अंगठा न हलवता पेन्सिल आडवी करून बघायचं की रुंदी उंचीच्या किती भरते. कोपर जरा वाकलं की माप बदलतं, आणि “मोजूनही चुकतंय” ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. दुसरी चूक बसण्याची. आपल्याकडं मुलं कागद जमिनीवर पसरून वाकून काढतात. कागदाचा वरचा भाग लांब पडल्यामुळं आखूड दिसतो, म्हणून मूल तो ताणून काढतं. कागद उभा धरला की तांब्याची मान लांब झालेली दिसते. पॅड मांडीवर तिरका टेकवला तर ही चूक निम्म्याहून कमी होते.

पाचव्या आठवड्यात वस्तू सोडून मोकळी जागा काढायची. कपाच्या कानातली पोकळी, खुर्चीच्या पायांमधले तुकडे, सायकलच्या दांड्यांमधला त्रिकोण. या पोकळीला नाव नसतं, त्यामुळं मूल पाठ असलेला आकार तिथं आणू शकत नाही आणि त्याला बघावंच लागतं. सगळ्या सरावांत आमचा सर्वांत जास्त भरवसा यावर आहे. शेवटचे आठवडे त्याच्या मनानं, फक्त वस्तू किंवा माणूस खरोखर समोर हवा. प्रत्येक कागदाच्या मागं तारीख टाकायची आणि एकही कागद फेकायचा नाही.

आईला बोलण्याबद्दलही सांगावं लागलं. “किती छान” म्हटलं तर या वयातलं मूल विश्वास ठेवत नाही, कारण छान नाही हे त्याला दिसत असतं. त्यापेक्षा विचारावं: उजेड कोणत्या बाजूनं आला? यातलं काढायला कोणतं अवघड गेलं? घरातल्या कुणीही त्याच्या कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. दाखवायचं तर वेगळ्या कागदावर दाखवावं.

धाकटीचा विषय निघाला तो तिच्या गृहपाठावरून. रोज एक छापील फुगा किंवा आंबा, खाली सूचना: रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नका. आई तिचा हात धरून रंगवून घ्यायची. पाच वर्षांच्या मुलीची बोटं, मनगट अजून तयार होत असतात. तिला रेषेच्या आत डांबण्यापेक्षा मोठी आणि उभी जागा द्यावी. भिंतीवर तिच्या खांद्याच्या उंचीला पाटी किंवा वर्तमानपत्र चिकटवायचं. मेणाचे खडू मोडून इंचभर तुकडे द्यायचे. एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो, आणि पुढं पेन्सिल धरायची सवय त्यातून होते. ती डोक्यालाच पाय काढत असेल, आईला घरापेक्षा उंच काढत असेल तर सुधारायला जाऊ नये. हे सगळं वयाला धरून आहे.

दोघांना एकत्र बसवायचं तर माती उत्तम. पोळ्याला घरोघर मातीचे बैल होतात, पण आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. मग बैलांचे पाय सांध्यापाशी तडकतात आणि मुलं हिरमुसतात. कुंभाराकडची माती आणावी. काळीच वापरायची असेल तर ती चाळून, चार भाग मातीला एक भाग बारीक वाळू मिसळावी. पाय वेगळे चिकटवण्याऐवजी त्याच गोळ्यातून ओढून काढावेत. शिंगं जोडावीच लागतात, तिथं दोन्ही बाजू काडीनं खरवडून पातळ चिखल लावून दाबावं. बैल उन्हात ठेवू नये, सावलीत ओल्या फडक्याखाली दोन दिवस आणि मग उघडा वाळू द्यावा.

भाच्याच्या वडिलांचं म्हणणं वेगळं होतं: आता लातूरला पाठवायचंय, नीटची तयारी सुरू करायची, चित्रकला बंद. मुलगा एलिमेंटरी पास होता आणि त्याला इंटरमिजिएटला बसायचं होतं. कला संचालनालयाच्या या दोन शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. शाळेमार्फत मंडळाकडं प्रस्ताव वेळेत जायला हवा, एवढं मात्र जातीनं बघावं. वडिलांना ते ७ गुण पटले. पण खरं सांगायचं तर गुणांसाठी म्हणून चित्रकला चालू ठेवावी असं आम्हाला वाटत नाही. रोज सहा-सात तास पाठांतर करणाऱ्या मुलाला आठवड्यातले दोन तास हातानं काही करायला मिळणं, ही त्याची गरज आहे.

भाच्याचं अडत होतं ते संकल्पचित्रात, म्हणजे दिलेल्या जागेत नक्षी रचण्यात. पुस्तकातली तीच ती फुलं. त्याला घरातल्या पैठणीचा पदर उलगडून बघायला सांगितलं: मोर, आसवली (फुलांची वेल), नारळी काठ, आणि एकच आकार किती अंतरानं परत येतो ते. सुट्टीत अजिंठ्याला गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्याचं छत मान वर करून निवांत बघा, चौकटी आणि वर्तुळांत नक्षी कशी बसवली आहे तिथं दिसतं. रंग मळायचं कारण साधं होतं. ब्रश धुवायला एकच वाटी. दोन वाट्या ठेवायच्या, एकीत धुवायचं आणि दुसरीतलं स्वच्छ पाणी रंगाला घ्यायचं. फिका रंग आधी काढून त्यात गडद थेंबाथेंबानं घालायचा. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की चिखलरंग होणारच.

पुढचा विचार असेल तर एकच गोष्ट अकरावीआधी ठरवावी. आर्किटेक्चरला बारावीत गणित लागतं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या चित्रकला-उपयोजित कलेच्या पदवीला राज्याची सीईटी असते. तिथं आणि बहुतेक डिझाइन प्रवेश परीक्षांना कोणत्याही शाखेचं मूल बसू शकतं.

आठ आठवड्यांनी सहावीतल्या मुलाचे २१ कागद आले, ठरल्यापेक्षा थोडे कमी. चित्रं अजून कच्ची आहेत. दुधाच्या किटलीची कडी दोन्हीकडं वेगवेगळ्या उंचीवर बसलीय. पण तिच्या शेजारी त्यानं स्वतःच दुसरी रेघ काढून ती सुधारली आहे, आणि खोडलेलं एकही पान नाही. आता त्याला किटलीच्या पत्र्यावरची चमक कशी दाखवायची ते हवं आहे. ४बीनं आजूबाजूला गडद करायचं आणि चमकीच्या जागी कागद कोरा सोडायचा, हे त्याचं पुढचं काम.

हा क्रम दोन प्रकारच्या मुलांना पुरत नाही. मूल चित्रासोबत खेळ, मित्र, जेवण, झोप यातूनही अंग काढून घेत असेल तर अडचण चित्राची नाही. तेव्हा महिनाभर वाट न बघता समुपदेशकाकडं किंवा डॉक्टरांकडं न्यावं. दुसरं, खोड हिरवं आणि पानं तपकिरी असं वारंवार होत असेल, लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर रागावू नये. रंगांधत्व मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त आढळतं. नेत्रतज्ज्ञाकडं रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची तपासणी काही मिनिटांत होते. तसं निघालं तर रंगांच्या डब्यांवर नावं लिहून द्यावीत आणि वर्गशिक्षकांना कळवावं, कारण नकाशे आणि विज्ञानाच्या आकृत्याही रंगांवरच ओळखायच्या असतात.