उतारावर ट्रकचे ब्रेक ‘फेल’ का होतात?

पुण्यात नवले पुलाजवळ दर वेळी ट्रकचेच ब्रेक कसे फेल होतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ‘फेल’ हा शब्द चालकाला आणि मालकाला सोयीचा आहे. बरेचदा ब्रेक निघताना धड असतात, उतारावर तापून निकामी होतात.

कात्रजचा नवा बोगदा संपला की रस्ता नवले पुलापर्यंत उतरतच जातो. डिझेल वाचवायला काही चालक इथे गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. मग इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 28 टनांचा दहा चाकी ट्रक 100 मीटर खाली आला, तर ब्रेक घासून तयार होणाऱ्या उष्णतेत 80-85 लिटर पाणी उकळेल. ती सगळी ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्यात, आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो. लायनरची पकडही सुटते. त्यात स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग, सैल असेल तर पेडल तळाला टेकवूनही उपयोग नाही. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात; चालक दणादण ब्रेक मारतो, टाकीतली हवा संपत जाते. इंजिन बंद म्हणजे ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, स्टिअरिंगही जड. हवा फार उतरली की स्प्रिंगच्या जोरावर लागणारा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो खरा, पण त्याच तापलेल्या ड्रमवर! नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या.

आणि डिझेल तरी कुठे वाचतं? गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला, तर आजच्या इंजिनात डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते लागतंच.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. हाच चढ असता तर जो लागला असता तो, किंवा त्याच्या खालचा. मध्येच वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून त्याचा रोध वाढवणारा ब्रेक, चालू ठेवायचा. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. वेग 40वर गेला की नीट दाबून 30वर आणायचा आणि ब्रेक पूर्ण सोडायचा.

लायनर जळल्याचा वास आला तर जागा मिळताच थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. चाकाखाली दगड लावून ड्रम हात लावण्याइतका गार होईपर्यंत थांबा, आणि निघताना दगड रस्त्यातून उचला.