वाचक विचारतात: जुनं एनग्रेव्हिंग मशिन, नवीन कंट्रोल

प्रश्न: नमस्कार सर, आमचं नेमप्लेट आणि पितळी डायचं काम आहे. वीसेक वर्षांपूर्वीचं तीन अ‍ॅक्सिसचं सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं) एनग्रेव्हिंग मशिन आहे, त्याचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर आणि त्यातलं कार्ड दोन्ही गेलं. कार्ड मिळत नाही. एक जण म्हणतो भंगारात घाला, दुसरा पूर्ण नवा पॅनल बसवायचे भरमसाठ पैसे सांगतो. मोटरला सहा-सहा वायरी आहेत. स्वस्तातला अर्डुइनो (छोटा कंट्रोल बोर्ड) लावून चालेल का? काय काय आणू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: काहीच आणू नका, निदान या आठवड्यात तरी. आधी मल्टीमीटर आणि डायल गेज घेऊन बसा, खरेदी नंतर. लोक उलटं करतात, आधी ऑनलाइन किट मागवतात आणि मग मशिनला ते जमत नाही म्हणून डोक्याला हात लावतात.

भंगाराचं म्हणाल तर जुन्या मशिनचं लोखंड चांगलं असेल तर ते अजिबात टाकू नका, तेवढी जड बॉडी आज त्या पैशात मिळत नाही. पण खात्री करा. डायल गेज टेबलाला टेकवा, स्क्रू हाताने एका बाजूला फिरवा आणि मग उलटा फिरवताना गेजची सुई किती वेळ गप्प बसते ते बघा. तो बॅकलॅश. पाट्यांच्या मोठ्या अक्षरांना थोडाफार खपून जातो, पण दोन-तीन मिलीमीटरच्या अक्षरात दहावा भाग मिलीमीटर जरी असला तरी ‘व’चं पोट जुळत नाही आणि शिरोरेषेखाली काना थोडा सरकलेला दिसतो. तो दोष कुठलाही कंट्रोल पूर्णपणे काढू शकत नाही, त्यामुळे नट किंवा बेअरिंग गेलं असेल तर पहिला खर्च तिथे करा.

आता सहा वायरी. घाबरायचं काही नाही, तीन-तीनचे दोन गट आहेत. मीटर ओहमवर ठेवा, ज्या तीन वायरी एकमेकींना लागतात तो एक गट, त्यातल्या ज्या दोन वायरींत रेझिस्टन्स दुप्पट येतो ती दोन टोकं आणि उरलेली मधली. टोकं ड्रायव्हरला (मोटरला करंट देणारं सर्किट) जोडायची, मधल्या दोन्ही वेगवेगळ्या टेप करून सोडून द्यायच्या, एकमेकींना जोडायच्या नाहीत हं. अशी पूर्ण कॉइल वापरली की ड्रायव्हरचा करंट मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्याच्या साधारण ०.७ पट ठेवायचा, म्हणजे २ अँपिअर लिहिलंय तर १.४. जास्त वेगात ताकद कमी पडते, पण एनग्रेव्हिंगला कुठे वेग लागतो.

पॅनलमधला जुना ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, तो वापरा, पण इथेच सगळ्यात जास्त ड्रायव्हर जळतात म्हणून नीट वाचा. ट्रान्सफॉर्मरवर एसी व्होल्टेज लिहिलेला असतो, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि कपॅसिटरनंतर डीसी त्याच्या १.४ पट होतो. २४चे साधारण ३४ होतात, ३०चे ४२, ३६चे ५१. टीबी६६०० नावाने मिळणारे स्वस्त ड्रायव्हर ४२ला संपतात, डीएम५४२ पन्नासपर्यंत जातो. आणि रात्री लोड उतरला की आपल्याकडे लाइनचा व्होल्टेज वर जातो ते वेगळंच. त्यामुळे ३० एसीला डीएम५४२ लावा, ३६चा असेल तर तो बाजूला ठेवून ३६ व्होल्ट डीसीची एसएमपीएस (तयार पॉवर सप्लाय) आणा. मोजताना एक लक्षात ठेवा, तो डब्यासारखा मोठा कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेला असतो, १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर मिनिटभर टेकवून तो रिकामा करा, मीटरवर खात्री करा आणि मगच हात घाला. चालू सप्लायवर मोटरची वायर ड्रायव्हरमधून कधीच काढू नका, ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

कंट्रोलर शेवटी. अर्डुइनो उनोवर जीआरबीएल हे कंट्रोलचं सॉफ्टवेअर चालतं, मस्त चालतं, फक्त सेकंदाला ३० हजार पल्सच्या (एक पल्स म्हणजे मोटरचं एक पाऊल) आसपास त्याची हद्द. तुमचा हिशोब असा करा: मोटर एका फेरीला २०० स्टेप, मायक्रोस्टेप ८ (एका स्टेपचे आठ तुकडे), स्क्रूची पिच (एका फेरीत सरकणारं अंतर) ५ मिमी, म्हणजे एका मिलीमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिमी फीड (टूल सरकण्याचा वेग), म्हणजे सेकंदाला ५०, म्हणजे १६ हजार पल्स. भरपूर झालं. पण ‘बारीक काम येईल’ म्हणून कोणी मायक्रोस्टेप ३२ केले की तोच आकडा ६४ हजारावर जातो आणि मग मशिन अडखळतं, दोष बिचाऱ्या अर्डुइनोला. पिच मात्र स्वतः मोजा, ४ मिमीचे स्क्रूही असतात.

दुकानात कामगार मशिन चालवणार असेल आणि त्याला कॉम्प्युटर नको असेल तर पेनड्राइव्ह लावायचा ऑफलाइन कंट्रोलर घ्या, महाग पडतो पण डोकेदुखी कमी. मॅक थ्री हे कॉम्प्युटरवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर नव्याने घेऊ नका, त्याचा प्रिंटर पोर्ट ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, परत जुना कॉम्प्युटर शोधत फिराल. ईएसपी३२ चिपवाले बोर्ड छान आहेत पण त्यांचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, ड्रायव्हरला ५चा लागतो, मध्ये ७४एचसीटी२४५ बफर (३.३चा सिग्नल ५चा करणारी चिप) नसेल तर मधूनच स्टेप गळतात.

एकच ड्रायव्हर घ्या, एकच मोटर मशिनवरून काढून टेबलावर फिरवा, ती नीट फिरली की बाकीचे दोन आणा. आणि बसवल्यावर अक्षरं ओळीच्या शेवटाकडे एका बाजूला सरकत गेली तर मोटरला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा पल्सची कड (ड्रायव्हर पल्स चढताना की उतरताना स्टेप घेतो ते) उलटी असते. प्रत्येक वेळी दिशा बदलताना एक स्टेप हरवते, ३२० पल्सच्या हिशोबाने तीनेकशे वळणांत जवळपास एक मिलीमीटर. जीआरबीएलमध्ये स्टेप इन्व्हर्टची सेटिंग बदलली की काम झालं. इमर्जन्सी बटण मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका, स्पिंडल आणि मोटर दोन्हींचा सप्लाय त्याने थेट तुटला पाहिजे.

प्रश्न: नवा कंट्रोल बसवला, हवेत सगळं ठीक चालतं पण स्पिंडल सुरू केला की लिमिटचा (टेबल टोकाला पोचल्याचा) अलार्म येऊन मशिन थांबतं. स्विच तर कोणी दाबलेलाच नाही. स्विच बदलूनही तेच.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: स्विच निर्दोष आहे. स्पिंडलच्या व्हीएफडीचा (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज लिमिटच्या वायरीत शिरतोय. तुम्ही स्विच नॉर्मली ओपन (दाबल्यावरच जुळणारा) जोडला असणार आणि वायर स्पिंडलच्या केबलबरोबर एकाच चेनमधून नेली असणार, बहुतेकांचं तसंच असतं. वायरी वेगळ्या करा, स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावर तुटणारा) करा म्हणजे वायर तुटली तरी मशिन थांबेल, आणि सेटिंगमध्ये लिमिट इन्व्हर्ट करायला विसरू नका. ५ व्होल्ट थेट बोर्डावर नेण्यापेक्षा २४ व्होल्ट आणि मध्ये ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा भाग) लावला तर फरक लगेच कळतो. स्पिंडलची केबल शील्डवाली घ्या आणि ते शील्ड व्हीएफडीच्या अर्थला घट्ट बांधा, लिमिटच्या वायरीचं शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला. हे सगळं करून शेडची अर्थिंगच नसेल तर काही उपयोग नाही, तेव्हा ती आधी तपासून घ्या.

प्रश्न: जुन्या मशिनच्या पीएलटी फाइल शेकड्याने पडून आहेत, गिऱ्हाईक तेच डिझाइन परत मागतात. नव्या जी-कोडवाल्या (मशिनला हालचाली सांगणारा कोड) कंट्रोलवर चालतील का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: थेट नाही, पण वाया जाणार नाहीत. पीएलटीत बहुतेक वेळा एचपीजीएल (प्लॉटरची भाषा) असतं, नोटपॅडमध्ये उघडा, पीयू आणि पीडी असे शब्द आणि आकडे दिसले तर तेच. एक युनिट म्हणजे ०.०२५ मिमी, म्हणजे ४०० लिहिलंय तर १० मिमी. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करा, एका माहितीतल्या पाटीची रुंदी पट्टीने पडताळा, आणि मग कॅम सॉफ्टवेअरमधून जी-कोड काढा. खोली त्या फाइलीत नसते, पेन वर आणि पेन खाली एवढंच असतं, झेड तुम्हालाच भरावा लागेल. शेकडो फाइली एकदम बदलत बसू नका, ऑर्डर येईल तशी एकेक करा.