‘सूक्ष्माभिसरण’ म्हणजे नेमकं सूक्ष्म काय?

विचारणा अशी : वाशीतल्या एका रुग्णालयासाठी माहितीपत्रक मराठीत आणताना ‘रीनल मायक्रोसर्क्युलेशन’ला ‘मूत्रपिंडाचे सूक्ष्माभिसरण’ म्हणावं, की सरळ ‘किडनीचा रक्तपुरवठा’? पत्रक आहे ते आतडं फुटणं, आतड्याला पीळ पडणं, स्वादुपिंडाला सूज येणं अशा दुखण्यांनी दाखल झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी.

दोन्ही टाळलेले बरे.

‘सूक्ष्माभिसरण’ हा संधी व्याकरणाने निर्दोष आहे, फक्त विशेषण भलतीकडे चिकटलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, अभिसरणच किरकोळ. प्रत्यक्षात दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम 300 ग्रॅम, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, तिथून फिरून जातं. सूक्ष्म आहेत त्या वाहिन्या. म्हणून ‘किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं अभिसरण’. शब्द चार झाले, पण अर्थ जागेवर आला.

‘रक्तपुरवठा’ची अडचण निराळी. मोरबे धरण भरलेलं आहे, सोसायटीच्या टाकीतही पाणी पडतंय, तरी एखाद्या मजल्यावरच्या नळाला धार नाही, हे नवी मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुरवठा म्हटलं की डोळ्यांपुढे टाकीपर्यंतचा नळ येतो, आणि पत्रकाला सांगायचंय ते मजल्यांबद्दल. पोटात जंतुसंसर्ग पसरला की दंडावर मोजलेला रक्तदाब सलाइन आणि औषधांनी सावरलेला दिसतो, पण आत रक्त सारखं वाटलं जात नाही. किडनीच्या बाहेरच्या थराला एकूण रक्ताच्या सुमारे 90 टक्के मिळतं आणि आतल्या गाभ्याला उरलेलं. गाभ्यात प्राणवायू एरवीही बेताचाच असतो, त्यामुळे वाटणी बिघडली की पहिला फटका त्यालाच.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘पुरवठा’ शब्दात रक्त परत जाण्याची वाट येतच नाही. फुगलेली आतडी आणि साचलेलं पाणी यांमुळे पोटातला दाब चढला की किडनीतून बाहेर पडणारी शीर दाबली जाते. मग आत आलेलं रक्त तुंबतं. हा दाब लघवीच्या नळीतून मोजतात : रुग्ण उताणा, मूत्राशयात जास्तीत जास्त 25 मिली सलाइन, वाचन श्वास सोडून झाल्यावर. 12 मिमी पारा किंवा त्याहून अधिक दाब टिकून राहिला तर तो वाढलेला समजतात. 20 च्या वर टिकला आणि एखादं इंद्रिय नव्याने ढासळू लागलं, तर पोट उघडून दाब उतरवण्याचा विचार होतो. याला ‘पोट फुगणं’ लिहू नका. ते गॅसने होतं असंच लोक समजतात. ‘पोटातला दाब वाढणं’ लिहा.

मूळ मजकुरात पुढे ‘अभिवाही’ आणि ‘अपवाही’ धमनिकाही (रोहिणीच्या अगदी बारीक फांद्या) येतील. हे जोडशब्द फसवे आहेत, एका अक्षराच्या चुकीने औषधाचा परिणाम उलटा छापला जाईल. ‘आत येणारी’ आणि ‘बाहेर जाणारी’ म्हणा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आत येणारी आवळते. एनालाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी बाहेर जाणारी सैल पडते. दोन्हींनी गाळण्याचा दाब उतरतो, पण दोन वेगळ्या दारांतून. आणि ‘बाहेर जाणारी’ म्हणून तिला नीला करू नका. शाळेत रोहिणी-नीला घोकलेल्यांकडून ही चूक हमखास होते. किडनीत केशवाहिन्यांची दोन जाळी एकापुढे एक आहेत : पहिलं गाळतं, दुसरं गाळलेलं परत शोषतं. मधली ही वाहिनी अजून धमनिकाच असते. ती आवळून धरते म्हणून पहिल्या जाळ्यात दाब टिकतो आणि दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलं जातं.

(रोहिणी म्हणजे तांबडी. गंमत अशी, की किडनी आलेल्या रक्तातला प्राणवायू इतका थोडा वापरते, की तिच्यातून निघणारी नीलाही बरीच तांबडी असते.)

‘केशिका’ की ‘केशवाहिनी’? दोन्ही रूढ आहेत. पत्रकाला केशवाहिनी बरी, तिच्यात निदान ‘वाहणं’ ऐकू येतं. ‘वृक्क’ पाठ्यपुस्तकातच राहू दे. ‘गुर्दा’ म्हटलं की मटणाचं दुकान आठवतं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेला माणूस किडनीच म्हणतो, तेच छापा.

सर्वांत जास्त गोंधळ ‘अ‍ॅक्यूट’साठी वापरलेला ‘तीव्र’ घालतो. मराठीत तीव्र म्हणजे जोरकस : तीव्र वेदना, तीव्र विरोध. इथे अर्थ आहे अचानक, थोड्या काळात उद्भवलेलं. ‘मूत्रपिंडाची तीव्र इजा’ वाचून नातेवाईक डायलिसिसची तयारी करतात. प्रत्यक्षात 48 तासांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने चढलं, किंवा 70 किलोच्या माणसाला सहा तास लघवी ताशी 35 मिलीच्या खाली राहिली, तरी ती व्याख्येत बसते. बहुतेकदा दुखतही नाही. तेव्हा पत्रकात असं वाक्य चालेल : ‘पोटातल्या आजारामुळे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं अभिसरण बिघडून किडनीला अचानक इजा होऊ शकते, म्हणून लघवी दर तासाला मोजली जाते.’