ऑस्ट्रेलियात बहिणीकडे दीड महिना, सोबत सासू-सासरे आणि मित्राचं कुटुंब: कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला बहीण आहे, तुम्ही चौघं, सासू-सासरे आणि मित्राचं कुटुंब मिळून दीड महिना जाणार. डिसेंबर बरा की मे, काय काय बघून होईल, आणि म्हातारी माणसं कंटाळतील का.

आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये असेच गेलो होतो. मी, नवरा, मुलगी, आई-बाबा, शिवाय माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि मुलगा. आठ जण, सहा आठवडे, मुक्काम दादाकडे. त्यामुळे जे सांगतेय ते अंगावर निभावलेलं आहे.

आधी कडू ते सांगून टाकते. तुमच्या यादीत मेलबर्न, सिडनी, कॅर्न्स, उलुरू (वाळवंटातला तो प्रचंड खडक), टास्मानिया, पर्थ आणि ‘जमल्यास न्यूझीलंड’ आहे. निम्मी यादी आजच खोडा. मेलबर्नहून पर्थ म्हणजे विमानाने चार तास, तेवढ्यात मुंबईहून निघालेला माणूस दुबईत उतरून बॅगा घेत असतो. नकाशात हा देश एका पानावर मावतो म्हणून फसायला होतं. पण प्रवासातली खरी अडचण अंतराची नव्हती, घराची होती. म्हणून आधी घराचं.

दादा टार्नेटला राहतो, मेलबर्नच्या पश्चिमेला. घर ऐसपैस, चार बेडरूमचं. पण बाथरूम दोन आणि त्याची चार माणसं धरून आम्ही बारा. पहिले चार दिवस अगदी लग्नघर. गाद्या घातलेल्या, रात्री दोनपर्यंत पत्ते, सकाळी दहाला चहा. पाचव्या दिवशी सोमवार उजाडला. वहिनी सात वाजता खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमबाहेर उभी होती, आत माझा नवरा निवांत दाढी करत होता, आणि तिला गाडी गाठायची होती. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाहीये हे बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

तिकडे पूर्णवेळ नोकरी असेल तर वर्षाला चार आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले दोन वहिनीने आमच्यासाठी राखून ठेवले होते. म्हणजे उरलेले चार आठवडे ती दमून घरी येणार आणि आम्ही तिच्या सोफ्यावर तंगड्या पसरून बसलेले असणार. सुट्टी आपली असते, त्यांची नाही, हे इथून निघताना कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याच दिवशी मी मैत्रिणीकडे भीत भीत विषय काढला, तर तिने आधीच जवळपासची तीन घरं फोनवर बघून ठेवली होती. दहा मिनिटांवर त्यांनी भाड्याने घर घेतलं आणि आमची मैत्री वाचली. तुम्ही हे पहिल्या दिवसापासूनच करा. मित्राच्या कुटुंबाची सोय वेगळी. आठवड्यातले दोन दिवस आपापले, कुणी कुणाला ‘आज काय प्लॅन?’ विचारायचं नाही. खर्च एकत्र असेल तर हिशेब दर रविवारी चुकता. आम्ही तो परत आल्यावर करू म्हणालो आणि फेब्रुवारीपर्यंत रेंगाळला.

स्वयंपाकघराचंही आधीच ठरवा. आईने पहिल्याच दिवशी मोहरीची खमंग फोडणी घातली आणि छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. मग दादा स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालतोय, आई कढई घेऊन मागच्या अंगणात. दुसरं प्रकरण कढीपत्त्याचं. वहिनीने कुंडीत एक झाड लावलंय. मेलबर्नची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात ती ते घरात घेते, पानं मोजून तोडते. ती कामावर असताना आईने एका चिवड्यासाठी त्याच्या निम्म्या फांद्या ओरबाडल्या. संध्याकाळी वहिनी त्या कुंडीकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरणार नाही. आईचं म्हणणं, ‘परत फुटेल की!’ (आम्ही निघेपर्यंत फुटला नव्हता.)

‘मग इथूनच नेऊ’ म्हणाल, तर नेता येत नाही. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचे पदार्थ, लाकडी वस्तू, बिया वगैरे आहेत का ते विचारलेलं असतं. घरचं काहीही खाणं असेल तर डोळे मिटून ‘हो’वर खूण करा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर जबर दंड. दुधाची मिठाई, कढीपत्ता, ताजी फळं-भाज्या, फुलं, पेरता येईल असं बी, हे सगळं घरीच ठेवा. आमच्याकडे आईने ऐनवेळी घुसवलेले अर्धा किलो पेढे निघाले. अधिकारी बाई अगदी शांतपणे हातमोजे घालून डबा बाजूला ठेवत होत्या आणि आई मला मराठीत सांगत होती, ‘त्यांना म्हणावं प्रसादाचे आहेत, एक खाऊन तरी बघा.’ पेढे गेले. मग आवळासुपारीचं पाकीट निघालं. यात सुपारी नाही, तरी नाव सुपारी का, हे मला इंग्रजीत सांगता येईना. पाकिटावरचे घटक वाचून त्यांनी ते परत दिलं. तर सगळं पाकीटबंद, छापील नावाचं न्या. मसाले, पापड, डाळी तिकडच्या भारतीय दुकानांत ढिगाने मिळतात. बॅगेतली जागा औषधांना द्या: तीन महिन्यांपर्यंतची चालतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

आता बघायचं काय. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मेलबर्न आणि सिडनी, बस्स. आमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याने ग्रेट बॅरियर रीफचा हट्ट धरला म्हणून १७ डिसेंबरचं कॅर्न्सचं विमान काढलं. १३ तारखेला जॅस्पर चक्रीवादळ तिथे किनाऱ्याला धडकलं, मागोमाग असा पाऊस कोसळला की विमानतळात पाणी शिरून तोच बंद पडला. हॉटेलचे निम्मे पैसे बुडाले. कॅर्न्स येतं त्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये तो काळच पावसाचा आणि वादळांचा. वर नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश, म्हणजे अंगभर सूट चढवल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

ग्रेट ओशन रोड मात्र सोडू नका, फक्त एका दिवसात उरकू नका. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे थेट समुद्र, आणि वळणं अशी की आंबोली घाट बरा. बाबांची आवळासुपारी इथे कामी आली. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे बारा तास गाडीत, आणि ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’पाशी टळटळीत दुपारी शेकडो माणसांत. आम्ही वाटेतल्या अपोलो बे गावात रात्र काढली आणि सकाळी लवकर पोचलो. समुद्रात उभे चुनखडीचे सुळके, खाली पाण्याचा ढणढणाट, माणूस जवळपास नाही. नावात बारा आहेत, पण बारा कधीच नव्हते. २००५ मध्ये एक कोसळल्यावर आता आठ उरलेत. बाबांनी दोनदा मोजले.

फिलिप आयलंडला अंधार पडताना पेंग्विन समुद्रातून बिळांकडे परततात, ते मुलांसाठी हवंच. जेमतेम फूटभर उंचीचे. लाटेबरोबर दहाबारा जणांचा घोळका वाळूवर येतो, घाबरून परत पाण्यात पळतो, पुन्हा येतो. रस्ता ओलांडताना आपली आई करते तसंच. फोटोला मनाई आहे, त्यामुळे झक मारत नुसतं बघावं लागतं आणि ते फार बरं वाटतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे घरी यायला मध्यरात्र. आणि भर डिसेंबरातही वारा हाडात शिरतो. पुण्याच्या थंडीतली कानटोपी बाबांनी तिथे घातली. निघताना गाडीखाली वाकून पेंग्विन नाही ना ते बघायचं, तशी पाटीच आहे.

सिडनीला आम्ही मुद्दाम ५ जानेवारीनंतर गेलो. ३१ डिसेंबरच्या आतषबाजीसाठी लोक सकाळपासून जागा धरून बसतात, म्हाताऱ्यांना घेऊन ते झेपणारं नाही. मेलबर्न ते सिडनी जवळजवळ ८८० किलोमीटर, विमानानेच जा. तिथे मॅनलीला जाणारी फेरीबोट पकडा. अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज दोन्ही पाण्यावरून दिसतात, आणि तिकीट साध्या लोकलसारखं. ब्लू माउंटन्सला कटुंबापर्यंत ट्रेनने दोन तास. आम्हाला धुक्यात थ्री सिस्टर्स नावाच्या तीन सुळक्यांपैकी दीडच बहीण दिसली, तरी दिवस छान गेला. बस-ट्रेनला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. आठ जण एका कार्डावर हे चालत नाही, हे आम्हाला स्टेशनच्या फाटकातच समजलं, मागे रांग लागलेली असताना.

गाडी भाड्याने घेणार असाल तर किया कार्निव्हलसारखी आठ जणांची मिळते. पण आठही जण बसले की आठ जणांच्या सगळ्या मोठ्या बॅगा मागे मावत नाहीत, एवढं ध्यानात घ्या. रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात, इंग्रजीतलं आपलं लायसन्स पाहुण्यांना चालतं. टोलला नाके नसतात, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल गाडीवाल्यामार्फत येतं. संध्याकाळनंतर गावाबाहेर गाडी काढू नका, कांगारू अचानक आडवे येतात.

मेमध्येच सुट्टी असेल तर मात्र सगळं उलटं करा. तेव्हा मेलबर्नला थंडी सुरू झालेली असते, पाच-सव्वापाचला अंधार. पण उत्तरेत पाऊस ओसरलेला असतो, तेव्हा कॅर्न्स शक्यतो महिनाअखेरीला ठेवा. उलुरूलाही हाच काळ चांगला, जानेवारीत तिथे चाळिशीचं ऊन आणि माशा. ॲलिस स्प्रिंग्जपासून उलुरू ४५० किलोमीटर आहे, शेजारी नव्हे. वर चढायला ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. तिथल्या अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा, ते कितीतरी वर्षं चढू नका म्हणून सांगत होते. पायथ्याने फेरी मारा, सगळी दहा किलोमीटर नाही झाली तरी चालेल. मुलांच्या शाळेचा विचार केला तर मला मे बरा वाटतो, पण मग मेलबर्नकडून उन्हाची अपेक्षा ठेवू नका.

राहिलं कंटाळ्याचं. आमचे बाबा तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही.’ खरंच दिसत नाही. मग दादाने त्यांना मायकी कार्ड (तिथल्या ट्रेन-ट्रामचं तिकीट-कार्ड) दिलं आणि टार्नेटहून शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनची ट्रेन दाखवली. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. दहा दिवसांत बाबा एकटे जायला लागले. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटात भाव बघायचे (घ्यायचे नाही), मग स्टेट लायब्ररीच्या घुमटाखालच्या वाचनालयात तासभर बसायचे, डब्यातली पोळी-भाजी बाहेरच्या हिरवळीवर खायचे आणि चारच्या गाडीने घरी. एमसीजीवर, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर, पाकिस्तानविरुद्धच्या बॉक्सिंग डे टेस्टच्या तिसऱ्या दिवशी ते आणि दादा गेले होते. जेवणानंतर खेळ सुरूच होईना, कारण तिसरे पंच लिफ्टमध्ये अडकले होते. रहाणेने २०२० मध्ये शतक ठोकलं ते मैदान बघून आलेला हा माणूस अजून सगळ्यांना सांगतो ते लिफ्टचंच.

आईचं तितकं जमलं नाही, हेही सांगायला हवं. तिला एकटीने बाहेर पडायची भीती वाटायची, चौथ्या आठवड्यात दाढ दुखायला लागली, आणि तिथल्या दंतवैद्याचं बिल बघून दुखणं थांबलं. आमच्या प्रवासी विम्यात दातांचं नव्हतंच. भारतीय पाहुण्यांना तिथली सरकारी आरोग्ययोजना, मेडिकेअर, लागू नाही, तेव्हा विमा नीट वाचून घ्या आणि सासूबाईंचे दात इथेच दाखवून निघा.

आणि व्हिसा. पाहुण्यांचा ‘सबक्लास ६००’, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, ऑनलाइन. किती महिने राहू देणार ते मंजुरीच्या पत्रात असतं, त्यात ‘नो फर्दर स्टे’ अशी अट आहे का तेही बघा. असेल तर तिथे गेल्यावर मुक्काम वाढवता येत नाही. सासऱ्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर वैद्यकीय तपासणी मागतील, तेव्हा त्यांचा अर्ज सगळ्यात आधी भरा आणि तो मंजूर होईपर्यंत बाकीच्यांची तिकिटं काढू नका.