टाचणी, चतुर आणि दोन पिवळ्यांचा घोळ

प्रश्न असा आलाय की पाण्याजवळ उडणाऱ्या लांब शेपटीच्या किड्यांना परभणीकडं सरसकट हेलिकॉप्टर म्हणतात, पुस्तकात मात्र कुठं चतुर तर कुठं टाचणी, मग दोन्ही एकच का, आणि पाटाच्या कडेला दिसणाऱ्या पिवळ्या टाचणीला वेगळं नाव आहे का.

एकच नाईत, भाऊबंद म्हणा. चतुर अंगानं दणकट, बसला तरी पंख आडवे पसरलेले. टाचणी एकदम बारीक आणि बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसते. पण नुसत्या पंखांवर जाऊ नका, लेस्टिस गटातल्या टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवून बसतात आणि तिथंच माणूस फसतो. डोळे बघा. टाचणीच्या दोन डोळ्यांत अजून एक डोळा बसंल एवढी जागा असते, चतुराचे बहुतेक वेळा डोक्यावर भिडलेलेच.

आता पिवळी. टाचणी हे एका जातीचं नाव नाई, अख्ख्या गटाचं आहे, आणि आपल्याकडं पाण्याजवळच्या गवतात पिवळ्या दिसणाऱ्या निदान दोन तरी आहेत. एकीचं पोट (आपण शेपूट म्हणतो ते खरं तर पोट, दहा भागांचं) नराला टोकापर्यंत सलग पिवळं, काळा डाग नाई, छाती हिरवट. हिचं शास्त्रीय नाव सेरियाग्रिऑन कोरोमँडेलियानम. नाव कोरोमंडल किनाऱ्याचं, पण दिसते भारतभर. दुसरी इश्नुरा रुबिलिओ, ही पण पिवळीच पण लहान, छातीवर काळे-हिरवे पट्टे आणि पोटाचं टोक निळं. हिचीच बहीण इश्नुरा सेनेगालेन्सिस, नाव आफ्रिकेतल्या सेनेगलचं, तिच्या नराचं पोट वरून काळं आणि शेवटाकडं तेवढा निळा भाग, म्हणजे पिवळ्यांत तिची गल्लत व्हायचं कारण नाई.

इश्नुरा हा शब्द ग्रीकमधला, अर्थ बारीक शेपटीची, आणि आपल्या लोकांनी टाचणी म्हणताना पण तीच बारीक काया बघितली. त्यामुळं इंग्रजी नावांचं शब्दाला शब्द भाषांतर करून 'दलदली भाला' असलं काहीतरी लिहिण्यापेक्षा सरळ 'पिवळी टाचणी', 'निळ्या टोकाची पिवळी टाचणी' असं म्हणावं, बघणाऱ्याला लगेच कळतं. माझं मत आहे हे, नियम नाई.

लिहिताना एक बघा, चतुर पुल्लिंगी, अनेकवचनात बदलत नाई, एक चतुर दहा चतुर. टाचणी स्त्रीलिंगी, अनेकवचन टाचण्या, आणि नर असला तरी क्रियापद शब्दाप्रमाणंच जातं, 'नर टाचणी गवतावर बसली' हेच बरोबर, 'बसला' नाई. आणि वरचे सगळे रंग नरांचे आहेत, सेनेगालेन्सिसची कोवळी मादी तर चक्क नारिंगी पण असते, तेव्हा फोटो बाजूनं काढा, छाती आणि पोटाचं टोक दोन्ही दिसायला पाहिजे.