शाळेचा वार्षिक अहवाल : पालकांना काय सांगावे, पालकांनी काय वाचावे

प्रश्न : मी एका लहान प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. यंदापासून शाळेची प्रगती आणि परिस्थिती यांचा वार्षिक अहवाल पालकांना द्यायचे आम्ही ठरवले आहे. मसुदा लिहिताना मात्र शिक्षकांत दोन मते पडली. गेल्या वर्षी चौथीतील ७० टक्के मुले वाचनाच्या चाचणीत अपेक्षित पातळीला पोहोचली होती. यंदा हे प्रमाण ५५ टक्क्यांवर आले. वर्गात दोन्ही वर्षी २० मुले होती. काहींच्या मते हा आकडा छापला तर शाळेची नाहक बदनामी होईल. स्वच्छतागृहातील बंद नळ, पावसात गळणारी एक वर्गखोली अशा गोष्टी पालकांना लेखी कळवाव्यात का, यावरही एकमत नाही. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : आकडा छापावा, पण तो एकटा छापू नये. २० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के होतात. त्यामुळे ७० टक्के म्हणजे १४ मुले आणि ५५ टक्के म्हणजे ११ मुले; ज्या घसरणीने आपल्या सहकाऱ्यांची झोप उडवली आहे, ती तीन मुलांची घसरण आहे. शिवाय ही मुले तीच नाहीत. गेल्या वर्षीची चौथी पाचवीत गेली आणि तिसरीची मुले चौथीत आली. एवढ्या लहान गटात दोन-तीन मुलांचे आजारपण किंवा नव्याने दाखल झालेली दोन-तीन मुले एवढ्यानेही निकाल खाली-वर होतो. म्हणून वाक्य असे लिहावे : "चौथीतील २० पैकी २० मुलांनी वाचनाची चाचणी दिली आणि त्यांपैकी ११ जण अपेक्षित पातळीला पोहोचले, गेल्या वर्षीच्या चौथीत, म्हणजे मुलांच्या वेगळ्या गटात, २० पैकी १४ जण पोहोचले होते." त्याखाली याच मुलांची तिसरीतली स्थिती द्यावी आणि गेल्या तीन वर्षांचे आकडे एकत्र द्यावेत. असे मांडल्यावर पालक घाबरत नाहीत आणि त्यांच्यापासून काही लपवलेही जात नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संख्या लहान आहे, हे कारण आडोसा म्हणून वापरू नये. तिन्ही वर्षे निकाल खाली येत असेल, किंवा याच मुलांपैकी तिसरीत वाचू शकणारी काही जण चौथीत मागे पडली असतील, तर तसे सरळ लिहावे आणि शाळा त्याबद्दल काय करणार आहे, हेही लिहावे. "विशेष लक्ष देण्यात येईल" हे वाक्य कुणालाच बांधून ठेवत नाही. "मागे पडलेल्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अर्ध्या तासाचे वाचनाचे तास सुरू केले असून सहामाहीनंतर त्यांची पुन्हा चाचणी घेऊन निकाल कळवू" हे वाक्य शाळेला बांधते, आणि पालकांचा विश्वास अशाच वाक्यांवर बसतो.

निकालाचे उपगट पाडताना एक पथ्य पाळावे. घरची भाषा वेगळी असलेली मुले, अपंगत्व असलेली मुले अशा गटांची प्रगती स्वतंत्रपणे पाहणे आवश्यकच असते, कारण एकूण सरासरीत नेमकी हीच मुले दिसेनाशी होतात. परंतु गटात तीन-चारच मुले असतील तर आकडा म्हणजे जवळजवळ नावच झाले. कॅलिफोर्नियात राज्याच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करताना दहा किंवा त्याहून कमी मुलांच्या गटाचा आकडा झाकला जातो. आपल्या शाळेत तर हा नियम अधिकच काटेकोरपणे लागू पडेल. अशा मुलांची माहिती त्यांच्या पालकांना प्रत्यक्ष भेटीत द्यावी.

आता नळ आणि गळकी खोली. माझ्या मते अहवालाचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दुर्दैवाने सर्वांत आधी गाळला जातो. मुले किती शिकली, हे निकाल सांगतो. मुलांना शिकता यावे म्हणून मोठ्यांनी काय केले, हे परिस्थितीच्या नोंदीतून कळते. पहिला भाग छापून दुसरा गाळला तर सगळा हिशेब मुलांच्या डोक्यावर येतो आणि ज्यांच्या हाती पैसा, इमारत आणि नेमणुका आहेत, ते मोकळे राहतात.

या बाबतीत कॅलिफोर्नियाचा अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. १९८८ मध्ये तेथील मतदारांनी संमत केलेल्या प्रस्ताव ९८ ने प्रत्येक सार्वजनिक शाळेला दरवर्षी असा अहवाल काढणे बंधनकारक केले. तरीही २००० मध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या वतीने राज्याविरुद्ध खटला भरला गेला, जो विल्यम्स खटला म्हणून ओळखला जातो. पुरेशी पाठ्यपुस्तके नाहीत, इमारती सुरक्षित नाहीत, पात्र शिक्षक नाहीत, अशा त्यातील तक्रारी होत्या. २००४ मध्ये तडजोड झाली आणि प्रत्येक मुलाला पुस्तक मिळाले आहे का, इमारतीची दुरुस्ती कोणत्या स्थितीत आहे, किती जागा रिकाम्या आहेत आणि किती शिक्षक आवश्यक पात्रतेशिवाय शिकवत आहेत, हे अहवालात नेमकेपणाने नोंदवणे शाळांना भाग पडले. अहवाल काढण्याचा कायदा असूनही न्यायालयात जावे लागले, याचा अर्थ नुसता अहवाल काढणे पुरेसे नसते. त्यात कोणते रकाने आहेत आणि ते किती नेमके भरले आहेत, यावर त्याचा उपयोग ठरतो.

म्हणून "शाळेत सर्व भौतिक सुविधा उपलब्ध आहेत" असे लिहू नका. असे लिहा : "मुलींच्या स्वच्छतागृहात चार नळ आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांपैकी तीन चालू होते. एका दाराची कडी तुटलेली होती. ती त्याच आठवड्यात बदलली. चौथ्या नळाची जलवाहिनी बदलावी लागणार असून तशी लेखी मागणी केली आहे." तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे पद आणि दुरुस्तीची मुदत ही तीनही त्याच ओळीत यावीत. तपासणीच्या वेळी दोन पालकांना बरोबर घेतले तर फारच उत्तम. आपल्या सहकाऱ्यांना वाटणारी भीती मी समजू शकतो, परंतु नळ बंद असल्याचे पालकांना मुलांकडून आधीच कळलेले असते. दिवसभर लघवी दाबून घरी धावत येणारी मुलगी कारण सांगतेच. शाळेलाही ते ठाऊक आहे की नाही, एवढेच पालकांना ठाऊक नसते.

शेवटी पोहोचवण्याविषयी. सविस्तर अहवाल शाळेत सर्वांना पाहायला ठेवावा आणि प्रत्येक घरी दोन पानांचा गोषवारा पाठवावा. काही घरांत वेगळी भाषा बोलली जात असेल, तर गोषवारा त्या भाषेतही द्यावा. शाळेतील १५ टक्के किंवा अधिक मुलांची घरची भाषा एकच, पण इंग्रजीहून वेगळी असेल, तर पालकांना पाठवायची पत्रके आणि अहवाल त्या भाषेतही देण्याचे बंधन कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि प्रश्नांना वाचनापेक्षा अधिक वेळ ठेवावा.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेचा जाडजूड अहवाल हाती आला. सरासरी उपस्थिती ९४ टक्के, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण २० ला १, आणि गणिताचा निकाल जवळच्या दुसऱ्या शाळेपेक्षा बराच कमी. मुलीची शाळा बदलावी का, असा विचार मनात आला आहे. अहवाल नेमका कसा वाचावा?

उत्तर : केवळ निकालाच्या तुलनेवरून शाळा बदलू नका. दोन शाळांच्या सरासरी निकालांतील फरकाचा मोठा वाटा मुलांच्या घरच्या परिस्थितीशी जोडलेला असतो. जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत झालेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीपासून हे वारंवार दिसून आले आहे. ज्या शाळेत शिकलेल्या, सुस्थितीतील घरांची मुले अधिक येतात, तिचा निकाल चांगला दिसतो. तेवढ्याने ती शाळा अधिक चांगले शिकवते, असे सिद्ध होत नाही. तुम्ही शाळेला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मुले पहिलीत आली तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आहेत? मुलांच्या वाढीचा हा आकडा अहवालात नसेल तर तो मागा.

निकालाशेजारी आणखी एक आकडा शोधा : किती मुलांनी परीक्षा दिली? कच्ची मुले त्या दिवशी घरी राहिली, किंवा ठेवली गेली, तर निकाल आपोआप वाढतो. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिहून ठेवले होते की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जातो, तितका तो वाकवण्याचा दबाव वाढतो. शाळांच्या निकालांना हे तंतोतंत लागू पडते.

आता तुम्ही दिलेले दोन आकडे. ९४ टक्के उपस्थिती ऐकायला चांगली वाटते, पण सरासरीत बरेच काही बुडते. वर्गात ३० मुले आणि वर्षात २०० दिवस शाळा असेल, तर ९४ टक्के उपस्थिती म्हणजे सर्व मुलांच्या मिळून ३६० गैरहजेऱ्या. त्यांपैकी चार मुलांनी प्रत्येकी ४० दिवस बुडवले असतील, तर उरलेल्या २६ मुलांच्या वाट्याला आठहूनही कमी दिवस येतात. म्हणजे जवळजवळ सगळा वर्ग नियमित आहे आणि चार मुलांचे वर्षातले एक पंचमांश शिक्षण गेले आहे, तरी सरासरी तीच राहते. म्हणून शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिलेली मुले किती, हे विचारावे. दीर्घ गैरहजेरी मोजण्याची ही अमेरिकेत रुळलेली पद्धत आहे, आणि त्या मुलांच्या घरी कोणी जाऊन आले का, हा त्यापुढचा प्रश्न.

विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचेही तसेच. २४० मुले आणि १२ शिक्षक असे २० ला १ हे प्रमाण निघते. पण त्या १२ जणांत क्रीडा, संगीत आणि विशेष शिक्षणाचे शिक्षक धरलेले असू शकतात. वर्ग आठच असतील तर प्रत्येक वर्गात प्रत्यक्षात ३० मुले बसतात. तुमच्या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हा ३० आहे. वर्गशिक्षकाची जागा वर्षात किती महिने रिकामी होती, तेही जरूर पाहा. हा आकडा बहुधा शेवटच्या पानांत सापडतो, आणि मी तो सर्वांत आधी वाचतो.

अहवाल वाचून झाल्यावर तीन-चार प्रश्न कागदावर लिहून मुख्याध्यापकांची वेळ मागा. उत्तरे टाळली जात असतील तर शाळेविषयी तुम्हाला निकालाच्या तक्त्याहून अधिक कळेल. उत्तरे मोकळेपणाने मिळाली, उणिवा मान्य केल्या गेल्या आणि उपाय सांगितला गेला, तर कमी निकालाच्या शाळेतही मुलीला ठेवायला माझी हरकत नसेल.

प्रश्न : आमच्या पालक-समितीतील काही जणांची मागणी आहे की अहवालात प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे त्याच्या वर्गाचा निकाल द्यावा. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राने तेथील हजारो प्राथमिक शिक्षकांची नावानिशी अशी गुणवारी प्रसिद्ध केली होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. २०१४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने अशा मोजमापांबद्दल निवेदन काढले. मुलांच्या गुणांतील एकूण फरकांपैकी शिक्षकांमुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत सुमारे १ ते १४ टक्के इतकाच आढळतो, असे त्यात म्हटले होते. एका वर्गाच्या एका वर्षाच्या निकालावरून शिक्षकाची पारख करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. त्याचा परिणामही उलटा होतो, कारण मग कच्ची मुले आपल्या वर्गात नकोत असे वाटू लागते आणि तोटा त्याच मुलांचा होतो.

शिक्षकांबद्दल पालकांना जे कळायलाच हवे ते वेगळे आहे. किती शिक्षक प्रशिक्षित आहेत, किती नवे आहेत, वर्षभरात किती जण शाळा सोडून गेले, अध्यापनाशिवाय इतर कामांत त्यांचे किती दिवस गेले आणि त्यांना कोणते प्रशिक्षण मिळाले, हे नावे न देता संपूर्ण शाळेसाठी द्यावे. एखाद्या शिक्षकाविषयी गंभीर तक्रार असेल तर ती लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांकडे द्यावी. त्या तक्रारीवर किती दिवसांत उत्तर मिळेल आणि न मिळाल्यास पुढे कोणाकडे जायचे, ही माहिती अहवालाच्या पहिल्याच पानावर असावी, असा आग्रह आपल्या समितीने धरावा.