'कागदांचे वर्गीकरण' म्हणावे की 'मांडणी'?

गिरगावातील एका जुन्या संस्थेचा इतिहास लिहीत असलेल्या वाचकांनी विचारले आहे: "संस्थेच्या जुन्या कागदपत्रांचे आम्ही वर्गीकरण केले, असे वाक्य मी लिहिले. पुराभिलेखागारात (जुनी दप्तरे जपणाऱ्या संस्थेत) काम केलेल्या एका स्नेह्यांनी त्यावर 'वर्गीकरण नव्हे, मांडणी म्हणा' अशी दुरुस्ती सुचवली. ग्रंथालयात वर्गीकरण चालते, प्राणिशास्त्रात चालते, मग कागदांनाच का नाही? आणि वर्तमानपत्रांत 'वर्गीकृत कागदपत्रे उघड' असे छापून येते, ते वर्गीकरण कोणते?"

स्नेह्यांची दुरुस्ती वरवर किरकोळ वाटली, तरी तिच्यामागे या तिन्ही क्षेत्रांतला खरा भेद दडलेला आहे. आधी शब्द पाहू. 'वर्ग' हा आपल्याकडे फार जुना शब्द. व्यंजनांचे क-वर्ग, च-वर्ग आपण लहानपणीच घोकतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशातील शब्दही राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा १० वर्गांत लावलेले आहेत. 'वर्गीकरण' या शब्दातला दीर्घ 'गी' मात्र मुद्दाम लक्षात घ्यावा. (पाट्यांवर आणि परिपत्रकांत सर्रास 'वर्गिकरण' दिसते, ते चूक.) तो ज्यामुळे येतो, त्याला संस्कृत व्याकरणात च्वि प्रत्यय म्हणतात आणि त्याचा अर्थ अभूततद्भाव, म्हणजे जे मुळात तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. तेव्हा वर्ग वस्तूंच्या अंगी आयते नसतात, कोणीतरी कोणत्यातरी हेतूने ते पाडतो, अशी कबुलीच या शब्दाने दिलेली आहे. अमरकोशाच्या वारिवर्गात समुद्र, नाव, कोळी, मासे आणि कमळ हे सगळे शेजारी शेजारी येतात. पाण्याशी संबंध एवढीच तिथे अट आहे. आजचा प्राणिशास्त्रज्ञ ही यादी पाहून हसेल, पण शब्द शोधणाऱ्याची सोय तिने उत्तम होते, आणि कोशाचा हेतूही तोच होता.

ग्रंथालयाचा प्रश्न जागेचा असतो. पुस्तक एका वेळी एकाच कपाटात उभे राहू शकते, म्हणून ते कशाबद्दल आहे हे ठरवून त्याला एक वर्गांक द्यावा लागतो. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ सालच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे. आता तुकोबांची गाथा घ्या. अभंग म्हणून ती ८९१.४६ च्या रांगेत जाईल, आणि भक्तिग्रंथ म्हणून २९४.५ या हिंदू धर्माच्या रांगेत. दोन्ही जागा बरोबर असूनही ग्रंथपालाला एकच निवडावी लागते, आणि दुसरीकडे शोधणाऱ्या वाचकासाठी तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या यादीत, नोंद ठेवावी लागते. (त्याच पद्धतीत धर्माच्या २०० ते २९९ या आकड्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्माला मिळाले असून बाकीच्या जगाची वर्णी २९० च्या पुढे लागली आहे. वर्ग पाडणारा कुठे बसला होता, हे यावरून समजते.) एका पुस्तकाचे अनेक पैलू एकाच अंकात मावत नाहीत, ही अडचण ओळखून शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू पद्धती मांडली. तीत विषय, स्थळ, काळ असे पैलू सुटे करून विरामचिन्हांनी जोडले जातात. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते, आणि पद्धत पाहिली की ते जाणवते.

विज्ञानात जागेचा प्रश्न नसतो, नात्याचा असतो. मासळीबाजारात कोळीणबाईंच्या पाटीत बोंबील, कोळंबी, चिंबोऱ्या आणि तिसऱ्या एकत्र असतात आणि ती सगळी मासळीच. प्राणिशास्त्राच्या हिशेबी त्यांतला एकटा बोंबील मासा. कोळंबी आणि चिंबोरी संधिपाद, तर तिसऱ्या मृदुकाय. विकणारीचे वर्गीकरण चुकले असे मात्र कोणी म्हणू नये, कारण तिच्या दृष्टीने खरा भेद ओल्या आणि सुक्या मासळीत असतो. 'देवमासा' या नावात मासा आहे, आणि जीवसृष्टीच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही १७३५ मध्ये त्याला माशांतच घातले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत नेला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथानंतर अशा गटांचा अर्थच बदलला आणि वर्गीकरण हे साम्याच्या यादीऐवजी वंशावळीचे चित्र झाले. म्हणून ग्रंथालयातला वर्गांक फार तर गैरसोयीचा ठरतो, पण विज्ञानातला वर्ग पुरावा मिळताच खोटा ठरू शकतो. मराठी पाठ्यपुस्तकांत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे, हेही इथेच सांगून टाकतो. 'बिबट्याची प्रजाती' असे छापताना बातमीदाराला बहुधा 'जाती' म्हणायचे असते, आणि हा गोंधळ हिंदीतून आलेला आहे, कारण तिथे प्रजाति म्हणजे आपली जाती.

आता कागद. पुराभिलेखागारात पहिला प्रश्न 'कागद कशाबद्दल आहे' हा नसतो. तो कोणाच्या कामकाजातून निर्माण झाला, हा असतो. फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने १८४१ च्या परिपत्रकात, एका संस्थेचे कागद दुसऱ्या संस्थेच्या कागदांत मिसळू नयेत, हे तत्त्व घालून दिले. त्या कागदांचा मूळ क्रमही मोडू नये, ही जोड पुढे मिळाली. कागद असे ठेवण्यालाच तुमचे स्नेही 'मांडणी' म्हणतात. मुंबईतही, १८२१ पासूनची परंपरा असलेल्या आणि आज काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात, वाचकाला आधी खाते आणि साल ठरवावे लागते, विषय त्यानंतर. समजा, तुमच्या संस्थेच्या एका गठ्ठ्यात सभेचे इतिवृत्त, छापखान्याचे बिल आणि एका सभासदाचे तक्रारीचे पत्र लागोपाठ आहे. विषयवार लावायला गेलात, तर बिल हिशेबात जाईल, पत्र पत्रव्यवहारात, आणि त्या बिलावरूनच तक्रार झाली व म्हणून सभा बोलावली गेली, हे कळण्याचा मार्ग कायमचा बुजेल.

यासाठी आपल्याकडे जमाखर्चातली एक चोख जोडी आहे, ती म्हणजे कीर्द आणि खतावणी. कीर्दीत व्यवहार घडला तसा, तारखेच्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार खात्याखाली जातो. खतावणी कीर्दीवरून केव्हाही नव्याने तयार करता येते, पण कीर्दीची पाने सुटी करून खात्यांखाली चिकटवणारा कारकून कोणत्याही पेढीवर टिकला नसता. ग्रंथालयाचे काम खतावणीचे आणि पुराभिलेखागाराचे कीर्द सांभाळण्याचे, अशी ही विभागणी आहे. विषयवार सूची ही तिथे वेगळी करायची खतावणी.

'वर्गीकरण' शब्द कागदांना मुळीच वर्ज्य आहे, असे मात्र नाही. सरकारी कार्यालयांत 'अभिलेख वर्गीकरण' रोज चालते, पण तिथे अ, ब, क, ड हे वर्ग विषयाचे नसून आयुर्मानाचे असतात: 'अ' कायम जपायचे, 'ड' लवकरच नष्ट करायचे. नको ते कागद काढून टाकण्याला तिथे 'निंदणीकरण' म्हणतात, आणि शेतातल्या निंदणीवरून बेतलेला हा शब्द मला फार आवडतो. वर्गीकरण म्हणजे वर्ग पाडण्याची क्रिया, वर्गवारी म्हणजे त्या वर्गांप्रमाणे केलेली मोजदाद आणि प्रतवारी म्हणजे आंब्यांची वा तांदळाची असते तशी चांगल्या-वाईटाची उतरण, हेही जाता जाता नोंदवतो.

वर्तमानपत्रातली 'वर्गीकृत कागदपत्रे' हे निव्वळ शब्दशः भाषांतर आहे. इंग्रजीत गोपनीयतेच्या पायरीनुसार कागदांचे वर्ग पाडले गेले आणि पुढे वर्ग पाडलेला म्हणजेच गुप्त, असा अर्थ तिथे रूढ झाला. मराठीत तो रूढ नाही. 'गोपनीय कागदपत्रे' एवढे पुरे.

राहिले तुमचे वाक्य. गठ्ठे होते तसे ठेवून फक्त यादी केली असेल, तर 'मांडणी करून सूची तयार केली' असे लिहा. गठ्ठे सोडून कागद विषयवार लावले असतील, तर 'वर्गीकरण केले' हेच खरे वर्णन आहे आणि ते बदलू नका. फक्त कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यातून निघाला, हे आठवते आहे तोवर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.